टेकडीवरचा दुसरा माणूस

बोरसेनाना कुठल्याही वस्तूला आधी हाताची उलटी बाजू लावायचे. लोखंडी फाटक असो, एसटीच्या दाराचा दांडा असो की आमच्या घरचा फ्रीज. बोटांची मागची बाजू अलगद टेकवायची, जरा थांबायचं आणि मगच ती वस्तू धरायची. सरळ हातानं धरलं आणि तिच्यात वीज उतरलेली असली तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे फेकला जातो. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सवय इतकी मुरलेली की लहान मुलांच्या डोक्यावरूनही ते उलटाच हात फिरवायचे. गल्लीतली पोरं म्हणायची, "नाना बघतात, आपल्यात करंट आहे का!"

आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावरचं, तालुक्याचं. गावाबाहेरच्या टेकडीवर सरकारी टीव्हीचं रिले केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक उंच लोखंडी मनोरा आणि तारेचं कुंपण. दूरहून आलेलं चित्र तिथल्या यंत्रातून आमच्या गावावर आणि आसपासच्या खेड्यांवर पसरायचं. नाना तिथे तंत्रज्ञ होते आणि कर्मचारी संघटनेचे स्थानिक चिटणीसही. ते आणि त्यांची बायको, लीलाअक्का, आमच्या शेजारच्या घरात राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आणि टीव्हीच्या माणसाच्या घरात टीव्हीही नव्हता.

मी तेव्हा धुळ्याच्या इंग्रजी शाळेत जायची. रोज सकाळची एसटी. नानांची सकाळची पाळी असली की तेही त्याच गाडीला असायचे आणि टेकडीच्या फाट्यावर उतरायचे. मी फारशी कुणाशी बोलत नसे, त्यामुळे गावात माझी ख्याती गर्विष्ठ मुलगी अशी होती. नानांनी मला कधी बोलायला लावलं नाही. शेजारी बसायचे, खिशातून भाजलेल्या शेंगा काढायचे, माझ्या दप्तरावर थोड्या ठेवायचे आणि स्वतःशी बोलल्यासारखं काहीतरी सांगत राहायचे. मी उत्तर दिलं नाही तरी त्यांचं अडायचं नाही.

नियमांचं त्यांना विलक्षण वेड होतं. एसटीत 'उतरण्याचे दार पुढे' असं लिहिलेलं होतं. गाडी कितीही भरलेली असो, नाना मागच्या दाराशेजारी उभे असोत, ते गर्दीतून वाट काढत पुढच्या दाराशीच जायचे. लोक शिव्या द्यायचे. कंडक्टर ओरडायचा, "अहो नाना, मागून उतरा ना! दार तोंडासमोर शे तुमच्या."

"लिहिलं आहे ते पुसून टाका, मग उतरतो," नाना म्हणायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "मागून उतरलं तर काय होतं?"

ते म्हणाले, "काहीच होत नाही, माय. रोज काहीच होत नाही. एक दिवस होतं. त्या दिवशी साहेब विचारतो, पुढून का नाही उतरलास."

हे ते पवारांबद्दल बोलत होते, हे मला पुढे कळलं.

पवार हे केंद्रावरचे दुसरे तंत्रज्ञ. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, गणपतीत, मोठ्यानं हसणारा गोरा माणूस. नियम असा होता की यंत्र चालू असताना पाळीवर दोन माणसं हवीत, आणि मोठ्या दाबाच्या विजेच्या खोलीत एकट्यानं जायचं नाही. पण दोघांच्या जागी एकच माणूस नेमलेला असायचा. वरून तोंडी सांगितलं होतं, भागवून घ्या. सगळे भागवून घेत. एका रविवारी संध्याकाळी पवार एकटेच पाळीवर होते. विजेचा दाब वरखाली व्हायला लागला म्हणून ते त्या खोलीत गेले, आणि तिथेच चिकटले. त्यांचा जीव केव्हा गेला हे कुणालाच कधी कळलं नाही, कारण यंत्र चालूच राहिलं. त्या संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा होता. आमच्याकडे नेहमीसारखी गल्ली जमली होती. चित्र अगदी स्वच्छ होतं, बाबांनी ते बोलूनही दाखवलं होतं. सगळे कार्यक्रम संपल्यावरही पडदा नुसता काळा राहिला, यंत्र बंद झाल्यावर यायच्या त्या नेहमीच्या मुंग्या आणि खरखर आली नाही. बाबा म्हणाले, "पवार झोपला वाटतं," आणि त्यांनी बटण बंद केलं. सकाळच्या पाळीला नाना गेले, तेव्हा त्यांना पवार सापडले.

त्यानंतर बसमध्ये नाना कितीतरी दिवस शेंगांशिवाय यायचे. एकदा खिडकीबाहेर बघत, आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "चित्र दिसस म्हणजे मानूस शे, असं नही."

चित्र दिसतं म्हणजे माणूस आहे, असं नाही. हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वेळा ऐकलं. अर्जात, भाषणात, चहाच्या टपरीवर. लोकांना ते नानांचं एक खूळ वाटायचं.

त्याच सुमारास गावात एक तक्रार सुरू झाली. संध्याकाळच्या बातम्या लागण्याच्या जरा आधी चित्र जायचं आणि लगेच यायचं. पापणी मिटून उघडावी तेवढंच. एक आठवडा व्हायचं, दुसऱ्या आठवड्यात नाही, मग पुन्हा. टीव्हीचं दुकान चालवणारे शांतिलालशेठ हैराण झाले होते. गिऱ्हाईक त्यांच्याकडे संच परत घेऊन यायचं. ते बाबांना म्हणायचे, "वकीलसाहेब, सेट एक नंबर आहे. वरूनच झटका येतो. बोरसे काय करतो तिथं, देव जाणे."

बोरसे काय करत होते ते मला ठाऊक झालं होतं. लीलाअक्का संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला यायची. दाराजवळ बसायची, हातात काहीतरी निवडायचं किंवा सोलायचं काम. मालिका, गाणी, कशाकडेच तिचं फारसं लक्ष नसायचं. पण बातम्यांची वेळ झाली की हात थांबायचे. पडदा मिटायचा, उघडायचा. सगळे "च्च!" करायचे, आणि अक्का सूप उचलून उठायची. "व्हयनं. जास मी आते." झालं, जाते मी आता. एवढं म्हणून ती स्वयंपाकाला जायची. नानांची सकाळची पाळी असलेल्या आठवड्यात ती यायचीच नाही.

हे माझ्या लक्षात आलंय, हे नानांच्या लक्षात आलं. बसमध्ये ते एकदम म्हणाले, "कळलं ना तुला?"

मी मान हलवली.

"घरी फोन नाही. तिला झोप लागत नव्हती, पवारचं झाल्यापासून. चालू चित्रावर तिचा विश्वास राहिला नाही. बंद करून चालू करायला मात्र हात लागतो." मग आवाज खाली आणून, "कुणाला सांगू नको, माय. नियमात बसत नाही. मेमो येईल."

नियमांसाठी अख्ख्या एसटीच्या शिव्या खाणाऱ्या माणसानं आयुष्यात मोडलेला हा बहुधा एकमेव नियम.

संघटनेच्या मागण्या तशा बऱ्याच होत्या, पण नाना एकच धरून बसले होते. पाळीवर दुसरा माणूस. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, धुळ्याला धरणं झालं. काहीच हललं नाही. मग क्रिकेटची मोठी स्पर्धा आली, भारत उपांत्य फेरीत पोचला, आणि संघटनेनं जाहीर केलं की त्या दिवसापासून आमची माणसं नियमाप्रमाणेच काम करतील. दुसरा माणूस आला नाही तर यंत्र बंद.

आदल्या संध्याकाळी शांतिलालशेठ आमच्या ओट्यावर आले. बाबांनी नानांना बोलावून घेतलं. मी आतल्या खोलीत, खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. नाना ओट्याच्या कडेला टेकले. टीव्हीकडे पाठ करून बसायची त्यांची सवय होती. चित्र बघण्यापेक्षा चित्र बघणाऱ्यांचे चेहरे बघायचे, आणि भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारावं तसं विचारायचे, "आवाज बरा शे ना?" त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

शेठ गोड बोलत होते. "नाना, संप करा, जरूर करा. तुमचं बरोबरच आहे. पण मॅच होऊन जाऊ द्या. परवा करा."

"परवा काय आहे टीव्हीवर?" नानांनी विचारलं.

"परवा... शेतीचा कार्यक्रम असेल."

"मग परवा बंद केलं तर साहेब फोन करील का?"

शेठ हसले. "तुम्ही पण ना, नाना! या मॅचवर मी किती सेट विकलेत माहितेय? लोक मला जिवंत सोडणार नाहीत."

"मलाही," नाना म्हणाले.

बाबा चिडले. "बोरसे, गावाला वेठीला धरताय तुम्ही. लोकांनी तुमचं काय बिघडवलंय? तुमचं भांडण दिल्लीशी, आणि शिक्षा आम्हाला?"

नाना बाबांकडे वळले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, पवार मेला त्या संध्याकाळी तुमच्याकडे चित्र कसं होतं?"

बाबा शेठकडे बघायला लागले.

"चांगलं होतं ना? शेठ, तुमच्या दुकानात पण चांगलं असेल. खाली पिक्चर चालला होता, वर तो पडलेला होता. आम्ही मेलो तरी तुमचं चित्र जात नाही. म्हणून कुणाला काही वाटत नाही. एकदा जाऊ दे."

शेठ उठता उठता म्हणाले, "वाईट झालं पवारचं, फार वाईट झालं. पण नाना, उद्याची मॅच..."

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, खिडक्यांत, अंगणात माणसं. अक्का नेहमीच्या जागी दाराजवळ बसली होती, सुपात तुरीची डाळ. नानांनीच तिला आमच्याकडे बसायला सांगितलं असावं. सकाळच्या पाळीला केंद्राचे साहेब स्वतः आणि पवारांच्या जागी आलेला नवा तंत्रज्ञ असे दोघं होते, म्हणून सामना सुरळीत दिसत होता. दुपारच्या पाळीला नाना गेले. साहेब आणि नवा तंत्रज्ञ पाळी संपली म्हणून खाली उतरले. साहेबांनी नानांच्या डोळ्यात बघून सांगितलं होतं म्हणे, तू असं करणार नाहीस, मला माहीत आहे. नानांनी नियमाप्रमाणे वरच्या कार्यालयाला फोन लावला, दुसरा माणूस मागितला, नियमात होती तेवढी वाट पाहिली.

भारताची फलंदाजी रंगात आली होती. गोलंदाज धावत निघाला आणि चित्र मिटलं, नुसत्या मुंग्या राहिल्या.

सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखंच, येईल. आलं नाही. मग एकदम गलका. कुणी संचाला थापटतंय, कुणी अँटेना हलवायला गच्चीवर पळतंय, कुणी पलीकडच्या गल्लीतला संच बघून येतंय. तिथेही मुंग्याच. तेव्हा सगळ्यांना कळलं.

"अक्का, तुमच्या नवऱ्यानं बंद केलं!" कोणीतरी ओरडलं.

डाळीवरची नजर न काढता अक्का म्हणाली, "हा, त्यास्नीच बंद करं. ते जित्ता शेतस." होय, त्यांनीच बंद केलं, जिवंत आहेत ते. मग वर बघून, अगदी साधेपणानं, "रेडिओ लावा ना मंग."

त्या एका वाक्यानं खोली पेटली. एकानं तिच्या सुपाला लाथ मारली. डाळ माझ्या पायापर्यंत आली. अक्का गोळा करत बसली नाही. उठली, पदर खोचला, घरी गेली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज भिंतीतून आम्हाला ऐकू आला. बाबांनी स्कूटर काढली. त्यांच्या मागे सायकली, मोटारसायकली, एक ट्रॅक्टर. सगळी मंडळी टेकडीकडे.

टेकडीवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. नंतर निरनिराळ्या तोंडून ऐकलं, त्यात एवढं सगळ्यांचं सारखं होतं. नानांनी यंत्राच्या खोलीला कुलूप लावलं होतं आणि ते बाहेर पायरीवर बसले होते. एकट्या माणसानं बाहेर थांबावं, असा नियम होता. लोकांनी किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही. मग कोणीतरी त्यांचा खिसा फाडून ती काढून घेतली. तेव्हा नाना म्हणाले, "उघडा. पण एकट्यानं आत जाऊ नका. दोघं जा."

चारपाच जण आत गेले. आत दिवे, काटे, बटणं, गुणगुणणारी कपाटं. कशालाही हात लावायचं कुणाचं धाडस झालं नाही. पवार इथेच चिकटला होता हे प्रत्येकाला आठवलं असणार. ते तसेच बाहेर आले. आणि आत काही करता आलं नाही याचा राग मग बाहेर निघाला. दगड कुणी मारला हे शेवटपर्यंत ठरलं नाही. तो नानांच्या डाव्या कानावर बसला.

बाबा अंधार पडायच्या आत परत आले. न्हाणीत जाऊन बराच वेळ पाय धुतले. आईनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "मी लांब होतो." मग त्यांनी टीव्हीवर भरतकामाचा कपडा टाकला, जो एरवी आई टाकायची. भारत हरल्याचं आम्हाला रेडिओवर कळलं.

संघटनेचा संप थोड्याच दिवसांत मिटला. वर बोलणी झाली, आश्वासनं मिळाली. नाना मात्र निलंबित झाले. कानाला पट्टी बांधून ते ओट्यावर बसायचे. त्या कानानं त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. दूधवाल्यानं त्यांचं घर सोडलं. न्हाव्यानं खुर्ची रिकामी असून सांगितलं, नंबर लागलेत. रात्रीतून त्यांच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं क्रिकेटच्या तीन काठ्या काढल्या आणि खाली 'बोरसे आउट' लिहिलं. अक्कानं ते पुसलं नाही. नाना म्हणाले, "राहू दे. लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं शे." मला हसू आलं आणि ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं, कारण नानाही हसले. त्या काळात मी त्यांचं ऐकलेलं ते एकच हसू.

काही महिन्यांनी आमच्या टेकडीवर दुसऱ्या माणसाची जागा मंजूर झाली. प्रत्येक पाळीला दोघं. संध्याकाळच्या बातम्यांआधी चित्र मिटायचं कायमचं थांबलं. शांतिलालशेठ बाबांना म्हणाले, "बघा, बोरसे गेला आणि चित्र सुधारलं." तेव्हापासून शेठ आले की बाबा चहाचं विचारत नसत, हे माझ्या लक्षात आलं.

नानांची चौकशी वर्षभर चालली. शेवटी त्यांना कामावर घेतलं, आणि बदली केली सातपुड्यातल्या एका केंद्रावर. तिथे जायला दिवसातून एक गाडी. टेकडीवर एक खोली, पाळीवर एक माणूस. राहायला घर नाही. मंजूर झालेल्या जागांच्या यादीत ती टेकडी नव्हती. नाना एकटेच गेले, अक्का मागे राहिली.

अक्का सामन्याच्या त्या दिवसापासून आमच्याकडे आली नव्हती. आई हाक मारायची, ती "येस ना, येस", येते ना, येते, असं म्हणायची आणि यायची नाही. एका संध्याकाळी मी परसात कपडे काढत होते, तेव्हा कुंपणाच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"माय, तुमना टीव्हीमा सातपुडानं दिसस का?"

मला प्रश्न लगेच कळला. मी म्हणाले, "नाही अक्का. तिकडचं तिकडेच दिसतं. आपल्याकडे आपल्याच टेकडीचं येतं."

"हा," ती म्हणाली. थोडा वेळ ती तिथेच उभी असावी, बांगड्या वाजल्या नाहीत. मग आत गेली.

मी त्या दोघांना शेवटचं पाहिलं ते धुळ्याच्या बसस्थानकावर. मी तेव्हा जळगावच्या कॉलेजात जायला लागले होते आणि सुट्टी संपवून परत जाण्याआधी शाळेतला दाखला घ्यायला धुळ्याला आले होते. सातपुड्याकडची गाडी लागली होती. नाना टपावर वळकटी चढवत होते. केस सगळे पांढरे. कुणी हाक मारली की अख्खं अंग उजवीकडून वळवायचे. अक्का खाली उभी होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिच्या उंचीपेक्षा मोठी बांबूची काठी. सोललेली, वाळवलेली, टोकापर्यंत गुळगुळीत.

मी पाया पडले. अक्कानं माझा चेहरा चाचपला. "मोठी व्हयनी व माय," ती म्हणाली.

"तुम्ही पण चाललात? तिथे तर राहायला घर नाही म्हणतात."

"खोली शे ना टेकडीवर. यंत्रनी." तिनं काठी जमिनीवर टेकवली. "हाई कोल्ली काठी शे. करंट लागना तं मानूसले हात लावानं नही, काठीघाई लोटानं." कोरड्या काठीनं लोटायचं, माणसाला हात लावायचा नाही. "त्यास्नी शिकाडं माले. पाळीवर दुसरा मानूस पाह्यजे ना? मी शे आते."

नाना खाली उतरले होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. मी विचारलं, "नाना, बाहेरच्या माणसाला आत परवानगी असते?"

"नसते," ते म्हणाले. उजव्या बाजूनं माझ्याकडे वळून त्यांनी दप्तराच्या जागी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या खिशाकडे, आणि नुसतेच ओशाळल्यासारखे हसले.

गाडी सुटायची वेळ झाली. अक्का चढली, काठी दारात आडवी अडली. मागची माणसं ओरडायला लागली. कंडक्टर म्हणाला, "ओ अक्का, ती काठी टपावर टाका. कोणाच्या डोळ्यात जाईल."

"टपावर नही," अक्का म्हणाली.

"अहो, टपावर कोण चोरतंय बांबू?"

"जोडे राही ती. माना हातमा राही." जवळ राहील ती, माझ्या हातात.

कंडक्टरनं नानांकडे बघितलं. नानांनी एवढंच केलं की काठीचं खालचं टोक धरून ते जरा वर उचललं, म्हणजे ती दारातून तिरकी आत जाईल. मग ते तिच्या मागोमाग चढले.

गाडी स्थानकाबाहेर वळली तेव्हा खिडकीत मला दोघांचे चेहरे दिसले नाहीत. उभ्या माणसांची गर्दी होती. त्या डोक्यांच्या वर मात्र बांबूचं पांढरं टोक दिसत होतं, छताला टेकलेलं, गाडीच्या प्रत्येक हिसक्याला हलणारं, आणि ते धरणारी अक्काची मूठ.